काकूंनी ऐकलेली मालिका

भागवतकाकूंच्या माडीवर मी सात वर्षं भाड्यानं राहिलो, आणि त्या सात वर्षांत त्यांना घरात खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जमिनीवर बसत, पण ते बसणं गहू निवडायला, नाहीतर सासूबाईंचे पाय चेपायला. "काकू, टेका की दोन मिनिटं," म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, "एवढं झालं की बसते." ते ‘एवढं’ काही संपत नसे. मी बँकेतला माणूस, दिवसभर बसून दमणारा. उभ्यानं दमणाऱ्यांकडे आमच्यासारख्यांचं लक्ष जरा उशिराच जातं.

बँकेनं मला नगरहून उज्जैनला पाठवलं तेव्हा टीव्ही ही अजून पंगतीनं बघायची गोष्ट होती. नानाखेड्याकडची आमची कॉलनी नुकती वसत होती. रस्त्यावर खडी पडलेली, विजेचे खांब निम्मे उभे, निम्मे आडवे. साऱ्या गल्लीत टीव्ही एकच, तोही भागवतअण्णांचा. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. काकूंचे यजमान, हे अण्णा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांचे कुणी पूर्वज सरदारांच्या दफ्तरात कारकून म्हणून माळव्यात आले होते, आणि ते दफ्तर अजून चालूच आहे अशा थाटात अण्णा घर चालवत. माणूस वाईट नव्हता. फक्त घरात आपल्याखेरीज आणखी कुणी काम करतं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

दर रविवारी सकाळी ‘पीपलवाली कोठी’ लागे. एक जुनी कोठी, तिच्यात बडी माँ नावाची पांढऱ्या केसांची विधवा, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तिचे तीन भांडखोर मुलगे, एवढीच गोष्ट. पण त्या अर्ध्या तासासाठी गल्ली ओस पडे आणि अण्णांच्या बैठकीत पस्तीस-चाळीस माणसं मावत. अण्णांचे नियम होते. चपला जिन्याखाली जोडीनं लावायच्या. पोरं पुढे, बायका भिंतीशी, पुरुष मागे. चालू असताना बोलायचं नाही. आणि चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. शेवटचा नियम अण्णांचा, पण तो पाळायच्या काकू.

चहा मालिका संपता संपता हातात यायला हवा, कारण एकदा संपली की गर्दी फुटे आणि न घेता गेलेल्या माणसाचं अण्णा आठवडाभर मनाला लावून घेत. म्हणून काकूंनी एक पद्धत बसवली होती. सुरुवातीची शहनाई वाजली की पाणी चढवायचं. पहिल्या जाहिरातींना साखर आणि आलं. कोठीचा दरवाजा करकरला, म्हणजे थोरला मुलगा कचेरीतून आला की पत्ती. दुसऱ्या जाहिरातींना दूध. घड्याळाकडे त्या बघतच नसत. कान बाहेर आणि हात आत, असा त्यांचा कारभार. चाळीस कप चहा, आणि एक थेंब कधी उतू गेला नाही की कधी उशीर झाला नाही. आम्ही भुरके मारत म्हणायचो, "वा काकू!" आणि रिकामे कप खिडकीत ठेवून घरी जायचो.

मालिका हळूहळू त्यांच्या बोलण्यात उतरली. दूधवाल्यानं पाणी घातलं की त्या बडी माँच्या सुरात म्हणत, "भैया, चाबी हमारी कमर पे है, पर ताला तो आपके मन में है." दूधवाला बिचारा गोंधळून जाई. माझी मुलगी मिनी तेव्हा सहा वर्षांची होती. ती जेवत नसली की काकू खाली बोलावून एकेका घासाला एकेकाचा आवाज काढत. थोरला घोगरा, मधला नाकातून, धाकटा चाचरत. पोरगी हसता हसता ताट रिकामं करी. आमच्या सुधाचा, म्हणजे बायकोचा, माझ्यापेक्षा काकूंवर जास्त विश्वास होता, आणि तो योग्यच होता.

एकदा ऐन रंगात वीज गेली. धाकटा मुलगा वाटणी मागायला आला होता आणि बडी माँ आता काय म्हणते ते ऐकायला चाळीस माणसं श्वास धरून बसली होती. पडदा काळा झाला. सगळे हळहळले, कुणी वीज मंडळाचा उद्धार केला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "बँटवारा चाहिये? ठीक है. पर पीपल की छाँव कैसे काटोगे, वो बता दो." थेट तोच आवाज, तोच मध्ये घेतलेला श्वास. क्षणभर लोकांना वाटलं वीज आली. मग एकच हशा पिकला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा लाजून लाल झाल्या होत्या. पुढच्या रविवारी तो प्रसंग पुन्हा थोडा दाखवला. शब्द निराळे होते, अर्थ तोच. माझ्या मते काकूंचे शब्द उजवे होते.

शेवटचा भाग लागला तो दिवस मला चांगला आठवतो. कोठीची वाटणी होते. मुलगे अंगणात चुन्याच्या रेघा मारतात. बडी माँ कमरेचा जुडगा काढते, उंबऱ्यावर ठेवते आणि फाटकाबाहेर चालू लागते. कुणी तिला थांबवत नाही. तीन-चार मिनिटं एकही शब्द नाही, फक्त शहनाई, आणि दूर दूर जात बारीक होणारी ती पांढरी साडी. बैठकीत सगळे रडत होते. अण्णासुद्धा उपरण्यानं नाक पुसत होते. त्या दिवशी चहा थंड झाला, कुणी घेतला नाही.

दोन-चार दिवसांनी काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात पाण्याची बादली होती, ती खाली न ठेवताच म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? शेवटी काय झालं हो बडी माँचं? आवाजच नव्हता काही. नुसतं वाजून राहिलं होतं. यांना विचारलं तर म्हणाले, चांगलं झालं. शेजारच्या शर्माबाई म्हणाल्या, बहोत रुलाया. आता चांगलं झालं तर रडवलं कशाला?"

मी बँकेत निघालो होतो. मला वाटलं, तेवढा एक भाग त्यांचा चुकला असेल. म्हणालो, "काकू, ते सांगून समजायचं नाही. ते बघायलाच हवं." मोठा रसिक असल्यासारखा बोललो आणि स्कूटरला किक मारली. दोन वाक्यांचं काम होतं. मी केलं नाही, दुसऱ्याही कुणी केलं नाही. मालिका संपली होती, ती पुन्हा लागणार नव्हती, आणि काकू मनातल्या मनात त्या शांततेत काय काय भरत राहिल्या ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग दिवस पालटले. बाजारात हप्त्यावर रंगीत टीव्ही आले, मग डोक्यावरून केबलच्या तारा आल्या. एकेक घर आपापल्या खोलीत बसून आपापलं बघू लागलं. मीही एक घेतला. अण्णा काही रविवार सतरंजी अंथरून बसले. एक दिवस काकूंनी तीच सतरंजी धुऊन माळ्यावर टाकली. मला वाटलं, चला, आता तरी यांना विसावा. पण तोवर अण्णांच्या आईंनी अंथरूण धरलं होतं. काकू म्हणाल्या, "गर्दी गेली हो भाऊ, काम काही गेलं नाही." तक्रार म्हणून नाही, नळाला पाणी आलं हे सांगावं तसं. डोळ्यांखाली काळं आलेलं, टाचा फुटलेल्या.

मालिका संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. शहरातल्या काही हौशी मंडळींनी ‘पीपलवाली कोठी प्रेमी मंडल’ काढलं आणि देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेच्या पटांगणात दिवसभराचा मेळा ठरवला. मालिकेची प्रश्नमंजूषा, नकलांची स्पर्धा, खुद्द बडी माँचं काम केलेल्या बाई पाहुण्या, आणि संध्याकाळी मोठ्या पडद्यावर शेवटचा भाग. अण्णांना तर खास निमंत्रण होतं. ज्यांनी त्या काळी सगळ्या मोहल्ल्याला मालिका दाखवली, त्यांचा सत्कार होता.

"शेवटचा भाग दाखवणार आहेत?" काकूंनी विचारलं. "मग मी पण येते."

अण्णा म्हणाले, "आईजवळ कोण थांबेल?"

"देवासच्या वन्संना बोलावते. मला तो भाग बघायचा आहे. एवढं एकच आहे माझं."

काकूंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनीही बहुधा पहिल्यांदाच. ते नुसते "हं" म्हणाले.

त्या दिवशी काकू पहाटे चारला उठल्या. सासूबाईंची आंघोळ, त्यांची पेज, वन्संचा स्वयंपाक, आम्हा पाच जणांसाठी पुऱ्या आणि सुकी भाजी. नऊ वाजता आम्ही टेम्पोत बसलो, अण्णा, काकू, मी, सुधा आणि आता तेरा वर्षांची झालेली मिनी. काकूंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. वाटेत सारख्या म्हणत होत्या, "गॅस बंद केला ना मी?"

पटांगणात ही गर्दी. पुठ्ठ्याची कोठी उभारली होती, तिच्यासमोर लोक फोटो काढत होते. पोह्यांच्या कढईभोवती वेगळीच जत्रा. आधी सत्कार झाले. अण्णांना शाल-श्रीफळ मिळालं. माईक हातात आल्यावर ते मोठ्या आवाजात म्हणाले, "हमारे घर से एक भी आदमी बिना चाय पिये नहीं गया!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूही कौतुकानं टाळ्या वाजवत होत्या. मीसुद्धा वाजवल्या, आता सांगायला लाज वाटते.

मग प्रश्नमंजूषा. कॅसेटवर संवादाचा तुकडा लावायचे, कोण बोललं आणि पुढे काय म्हणालं ते ओळखायचं. सुधानं काकूंना जवळजवळ ढकलूनच मंचावर पाठवलं. आणि मग आम्ही बघतच राहिलो. काकू डोळे मिटून ऐकत आणि तुकडा संपायच्या आत उत्तर देत. एकदा तर नुसता दरवाजा करकरला, तर म्हणाल्या, "ये थोरला... बडा भैया आया कचेरी से." लोक उभे राहून ओरडू लागले. अकरा जणांतून काकू एकट्या उरल्या. निवेदकानं जाहीर केलं, "इनसे बडा प्रेमी पूरे उज्जैन में नहीं!" आणि बक्षीस द्यायला बडी माँ स्वतः येत आहेत असं म्हणाला.

त्या बाई बाजूच्या पायऱ्यांनी वर आल्या. पांढरे केस, काळ्या काठाची पांढरी साडी, कमरेला तो जुडगा, सगळा जुना वेश करून. समोरचे दोनशे लोक ओळखून टाळ्या पिटत होते. बाई हसत काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकू मात्र त्यांच्या खांद्यावरून पायऱ्यांकडे बघत होत्या. दोनदा मान उंच केली, आणि मग अगदी आदबीनं त्या बाईंना म्हणाल्या, "बहनजी, जरा बाजू हटिये ना. बडी माँ आने वाली हैं."

माईक समोरच होता. सगळं पटांगण हसलं. लोकांना वाटलं काकूंनी काय फर्मास विनोद केला. त्या बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मैं ही तो हूँ, बहन." आवाज कानावर पडला तशा काकू थरारल्या. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या तोंडाकडे पहिल्यांदाच कुणी बघावं तशा बघत राहिल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटचाच नव्हे, त्यांनी एकही भाग पाहिला नव्हता. ज्या घरात गल्लीनं ती मालिका पाहिली, त्या घरच्या बाईला बडी माँचं तोंड माहीत नव्हतं. मला माझीच किळस आली. शेजारी अण्णा हसत नव्हते. मांडीवरची शाल त्यांनी घडी करून पिशवीत खाली घातली.

जेवायला बसलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "तू एकसुद्धा नाही पाहिलीस?"

"कशी बघणार हो?" काकू पुरी वाढत सहज म्हणाल्या. "दारात शर्माजी बसत ना. मला त्यांचा स्वेटर दिसायचा. तो मी कुठेही ओळखेन."

आम्ही हसायला हवं होतं. पुऱ्या ताटांत तशाच राहिल्या. काकूंना वाटलं मीठ कमी पडलं.

दुपारी मंडलाचे कार्यकर्ते आले. चहाला माणसं कमी पडत होती, आणि भागवतांच्या घरचा चहा त्यांच्यातल्या कुणाला आठवत होता. "काकीजी, थोडा देख लोगी क्या? आधे घंटे का काम है." काकू पदर खोचत उठल्या. "येते हं, एवढं झालं की—"

"नाही," अण्णा म्हणाले. "ती उठणार नाही. मी येतो." आणि ते खरंच गेले. चहा कसला केला देव जाणे, दूध नासलं म्हणून मागाहून कळलं. पण सगळ्यांत पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, काकू एका खुर्चीवर बसल्या होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

ऊन उतरल्यावर पटांगणावर ठोकलेल्या तंबूचे पडदे सोडले आणि शेवटचा भाग सुरू झाला. अण्णा त्यांच्या शेजारी येऊन बसले होते, आम्ही मागे. मी पडदा कमी आणि काकूंनाच जास्त बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक संवाद त्या आधीच म्हणत होत्या. जाहिराती गाळल्या होत्या, त्यामुळे त्या मधेच चपापायच्या. चुन्याच्या रेघा झाल्या. बडी माँनं जुडगा उंबऱ्यावर ठेवला. बोलणं थांबलं आणि शहनाई सुरू झाली.

मी पुढे वाकून त्यांचा चेहरा बघितला. काकू झोपल्या होत्या. मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. पहाटे चारपासूनचं जागरण, आणि खरं सांगायचं तर त्याआधीच्या तीस वर्षांचं. सुधानं त्यांना हलवायला हात पुढे केला. अण्णांनी तो धरला आणि हळूच म्हणाले, "नको. झोपू दे तिला."

पडद्यावर ती पांढरी साडी बारीक होत गेली. तंबूभर लोक हुंदके देत होते. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते.

टाळ्यांनी काकूंना जाग आली. "संपलं?" त्यांनी विचारलं. मग पडदा पांढरा झालेला दिसला आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला बघवेना. मी धावत कार्यकर्त्यांकडे गेलो, पुन्हा एकदा लावा म्हणून गयावया केली. ते तारा गुंडाळत होते. यंत्र भाड्यानं इंदूरहून आणलेलं, गाडी खोळंबली होती. "अब तो मुश्किल है, भाईसाब."

दोन महिन्यांनी माझी बदली झाली आणि उज्जैन सुटलं. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण मला त्या दिसतात त्या परतीच्या टेम्पोतल्या. समोरच्या बाकावर, बक्षिसाची स्टीलची बरणी मांडीवर धरून. देवास गेट मागे पडलं, दुकानांचे दिवे लागत होते. मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं थांबले, अन् बघा. आता तरी कुणी सांगा हो, काय झालं तिचं?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो. अण्णांनी घसा साफ केला.

"तिनं किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या," ते म्हणाले. "फाटकापर्यंत गेली. मग तिघं मुलगे धावत आले मागून. धाकट्यानं पाय धरले. सुनांनी हात धरून वापस आत आणली तिला. म्हणाले, माँ, तू बस, आम्ही बघतो सगळं." अण्णा थांबले. आयुष्यात एवढी लांब गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नसावी. "म्हणून लोक रडत होते."

मिनीनं बोलायला तोंड उघडलं. सुधानं तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

काकूंनी मान हलवली. बरणी सावरली आणि बाकाला पाठ टेकली.

"थांबवलं ना? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "या वयात कुठं जाणार होती ती?"